तड्यातला रुपया

जेलरोडला, पिठाच्या गिरणीशेजारी माझं दुकान.
पाटीवर सासऱ्यांचं नाव, गल्ल्यावर मी.
नवं गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून आत बघतं,
"शेठ नाहीत का?"
मग मुकाट्यानं फोन पुढे करतं.
फोनमध्ये भिंत.

लोक खिळे घ्यायला कमी येतात,
विचारायला जास्त.
रुमालात पोपडे बांधून आणतात,
पिशवीतून कढीपत्त्याची काळी पडलेली फांदी,
फरशीचा तुकडा: "हिच्या जोडीची मिळेल का?"
ती कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली
हे मी लगेच सांगत नाही.
आधी तुकडा हातात घेऊन पुसते.

गांगुर्डे विचारतात, शोषखड्डा ईशान्येला चालेल का.
मी म्हणते, पाणी उतार बघतं, दिशा नाही.
ते मान डोलावतात
आणि दुकानाच्या पायरीवरूनच गुरुजींना फोन लावतात.

भामरेबाईंच्या अंगणात पिंपळगावहून आणलेला द्राक्षवेल
चार वर्षं नुसता पानांनी माजलेला.
शेणखत झालं, ताक झालं, मासे धुतलेलं पाणी झालं.
माझं माहेर दिंडोरीचं. म्हटलं, बाई, ऑक्टोबरात कापा.
काडीवरचे डोळे मोजा आणि मागेपुढे बघू नका.
आमच्याकडे तिला गोडी छाटणी म्हणतात.
बाईंनी चांगली कात्री नेली, घासाघीस न करता.
परवा भेटल्या. कात्रीनं कोथिंबीर चिरतात.
"हात होत नाही हो."

आणि कापडणीस.
तेहतीस वर्षं नोटप्रेसमध्ये,
फंडाच्या पैशात दसकच्या बाजूला घर.
देवघरामागच्या भिंतीला तडा.
पहिल्यांदा आले ते मे महिन्यात, भर दुपारी:
"रुपयाचं नाणं उभं आत जातं."
मी पुट्टी दिली नाही. विचारलं, खाली माती कोणती?
"काळी," ते म्हणाले, जरा अभिमानानंच,
"तूर व्हायची तिथे, पुरुषभर."
मग थांबा.
काळी उन्हाळ्यात आक्रसते, पाणी प्याली की फुगते.
वर तुरीऐवजी आता कापडणीस राहतात
हे तिला कुणी कळवलेलं नाही.
दर महिन्याला रुपया लावून बघा,
लिहून ठेवा.

त्यांनी वही केली. रेघा आखून.
जून अखेर: अर्धा जातो.
ऑगस्ट: नखही शिरत नाही. भिंत सुंदर.
डिसेंबर: नख.
फेब्रुवारी: पाव.
मार्च: तिरका धरल्यास पूर्ण. हिचा उजवा डोळा, मोतीबिंदू.
एप्रिल: डावा डोळा. तडा बघायचा राहिला.

मेमध्ये दोघं आले.
काळा चष्मा लावून वहिनी पुढे, वही घेऊन ते मागे.
"मला वाटायचं, भिंतीला केस चिकटलाय माझाच.
वर्षभर फडक्यानं पुसत होते.
आणि तुम्ही ह्यांना म्हणालात, थांबा?"
मी सांगितलं ते सगळं सांगितलं:
भरायचा तर रबरासारखा मसाला,
सिमेंट पुढच्या मेमध्ये पुन्हा उलेल,
आणि घराभोवती तीन फूट फरसबंदी,
पाणी पायात मुरू द्यायचं नाही.
"तीन फूट?" त्या म्हणाल्या,
"तिथे माझी अबोली आहे."
कापडणीस वहीत बघत राहिले.
गिरणी मध्येच बंद झाली
आणि तिघांनाही एकदम मोठ्यानं बोलल्यासारखं वाटलं.

शेवटी एक ट्यूब घेतली. एकशे एक्याऐंशी.
त्यांनी शंभर, पन्नास, तीन दहाच्या मोजल्या,
प्रेसमधल्यासारखा अंगठा ओला न करता,
मग वरच्या खिशातून रुपया काढला.
त्याच्या कडेला पांढरा चुना.
हातात थोडा वेळ फिरवला,
परत खिशात ठेवला.

"एक राहिला," म्हणाले.
"लिहून ठेवा."